सासऱ्यांच्या गालाचं माप

भीती या विषयात माझा अधिकार मोठा आहे. मी पालीला भितो, उंच शिडीला भितो, मे महिन्यात भर दुपारी सोलापुरातला रस्ता ओलांडायला भितो. पण आयुष्यात सगळ्यात जास्त कशाला घाबरलो असेन, तर एका लाकडाला. त्याला नळी नव्हती, चाप नव्हता, गोळी तर नव्हतीच. बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ते एसटीत माझ्या मांडीवर आडवं पडलं होतं, आणि मंगळवेढ्यापासून सोलापूरपर्यंत प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं की आता कुणीतरी खाकी कपड्यातला माणूस गाडीत चढणार आणि सरळ माझ्याकडे येणार. एकदा चढलाही. तो कंडक्टर होता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोलापुरात एका कापडगिरणीच्या सुतारखात्यात होतो आणि धोटे दुरुस्त करायचो. धोटा म्हणजे मागावर पोटात सुताची कांडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी लाकडी होडी. ती दिवसभर दोन्ही बाजूंनी मार खाते. म्हणून नवा धोटा आम्ही जवसाच्या तेलाच्या हौदात बुडवून ठेवायचो. तेल प्यायलेलं लाकूड गुळगुळीत धावतं आणि लवकर तडकत नाही. एवढं एक शास्त्र मला पक्कं येत होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासुरवाडी मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातली. काळं रान, ज्वारी, आणि ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं. सासऱ्यांच्या वडिलांना संस्थानी काळात शिकारखान्यात नोकरी होती. तिथून मिळालेली एक जुनी रायफल सासऱ्यांकडे होती, रीतसर परवान्याची. रानात उंच माळा बांधून ते तिथे बसत आणि डुकरांच्या डोक्यावरून एखादा बार काढत. डुकरं पळत, सासरे विडी पेटवत. असं बरीच वर्षं चाललं होतं.

आदल्या सुगीत ते माळ्यावरून पडले. खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं. गावातल्या हाडं बसवणाऱ्या माणसानं ते बांधलं आणि ते जुळलं, पण वाकडं. उजवा हात आखडला. त्या बाजूच्या दाढा आधीच गेलेल्या, त्यामुळे गाल आत बसलेला. आता रायफल खांद्याला लावली की तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतो तो मागचा लाकडी भाग, त्यांना लांब पडायचा. गाल लाकडापर्यंत पोचायचाच नाही. तरी त्यांनी हट्टानं एक बार काढला. दस्ता खांद्यावरून निसटला आणि जबड्यावर बसला. त्या दिवसापासून रायफल खुंटीवर होती आणि डुकरं ज्वारीत.

दिवाळीला आम्ही गेलो, तेव्हा जेवण झाल्यावर सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमी लाकडातले. एवढा दस्ता माझ्या अंगासारका करून द्या की."

"मामा, मी धोटे करतो."

"लाकूडच की त्ये."

"बंदुकीला मी जन्मात हात लावलेला नाही."

"बंदुकीला लावूच नका. लाकडाला लावा."

त्यांनी खालचे दोन स्क्रू काढले, नळी आणि सगळं लोखंड वेगळं करून कपाटात कुलपात ठेवलं आणि लाकूड माझ्या मांडीवर दिलं. "परवाना लोखंडाचा हाय," ते म्हणाले. "लाकडाला कोण इचारतंय." हा कायदा सरकारनं केला होता की सासऱ्यांनी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी माप घ्यायला बसलो. सासरे बनियनवर. कोपरापासून बोटापर्यंत सुतळी लावली, तोच स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"अहो, आबा रानात बनियनवर बसत्यात व्हय? थंडीत घोंगडं असतंय अंगावर. त्ये पांघरून माप घ्या."

घोंगडं पांघरल्यावर माप आणखी एक बोट कमी झालं. मग गालाचं माप. गाल आणि लाकूड यांच्यात जी पोकळी राहत होती ती कशी मोजायची, हे मला सुचेना. शेवटी मी सासूबाईंकडून भाकरीच्या पिठाचा गोळा मागून घेतला, दस्त्यावर थापला आणि सासऱ्यांना म्हटलं, नेम धरल्यासारखा गाल यात दाबा. त्यांनी दाबला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पीठ वाया घालवायलेत दोघं," त्या म्हणाल्या. "आन् ह्यांचं थोबाड काढायचं तर चांगल्या बाजूनं तरी काढा."

ते पिठातलं थोबाड वाळवून मी डब्यात घालून सोलापूरला आणलं. तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी दस्त्यावर चढवायची होती.

आमची खोली गिरणीजवळच्या चाळीत, आणि शेजारची खोली एका हवालदाराची. हे मला दिवाळीपर्यंत फार सोयीचं वाटत असे. आता मी दस्ता कॉटखाली ठेवला, त्याच्यापुढे ट्रंक, ट्रंकेपुढे बादली. कामावरून आलो की दार लावायचं, रेडिओ मोठा करायचा आणि कानस चालवायची. कानशीचा आवाज रेडिओत मिसळत नाही. तो वेगळाच ऐकू येतो, विशेषतः बातम्या चालू असताना.

तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी हवालदारीणबाई विरजण मागायला आल्या आणि बायकोनं सवयीनं दार उघडलं. मी जमिनीवर बसलेला, दोन्ही पायांत दस्ता, अंगभर भुसा. बाई बघत राहिल्या.

"काय करायलेत भाऊजी?"

मी अंगावरचा भुसा झटकायला लागलो. बायको मात्र एका दमात म्हणाली, "पाळण्याचं लाकूड हाय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि विरजण न घेताच आनंदानं परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे चिंचा, आवळे, कैरीचं लोणचं यायला लागलं. बायको ते सगळं मन लावून खायची.

"खरं सांगून टाक ना," मी म्हणालो.

"काय सांगू? बंदूक हाय म्हणून?"

"मग निदान खाऊ तरी नकोस."

"खाल्लं न्हाय तर संशय येईल की."

पण हवालदार अखेर आलेच. रविवार होता. दार वाजलं, मी ट्रंक ओढायच्या आत ते आत. "पाळणा बघू द्या की राव," म्हणून त्यांनी दस्ता उचलला. बोलत बोलत उचलला, पण उचलल्यावर त्यांचे हात स्वतःच चालायला लागले. उजवा हात नेमका दस्त्याच्या बारीक मुठीवर बसला, डावा तळवा खाली गेला, लाकूड खांद्याला लागलं आणि गाल त्यावर टेकला. हे सगळं त्यांनी केलं नाही, त्यांच्या नोकरीनं केलं. मग ते तसेच थांबले.

"लायसन कुणाचं?" त्यांनी गाल न उचलता विचारलं.

"सासऱ्यांचं."

"लोखंड?"

"त्यांच्याकडेच. मंगळवेढ्याला."

त्यांनी दस्ता हळूच खाली ठेवला, चड्डीला हात पुसले. "मग पाळणाच हाय," ते म्हणाले. दारात वळून पुन्हा म्हणाले, "पण लवकर बाळंत व्हा."

त्यानंतर मी झपाटल्यासारखं काम केलं. मागचं टोक कापून आखूड केलं आणि वाकड्या हाडावर बसेल अशी त्याला खोलगट गोलाई दिली. शिसवीची पट्टी चिकटवून पिठाच्या गालाशी ताडून बघत ती उतरवत आणली. जुनं काळं पॉलिश काचेच्या तुकड्यानं खरवडलं, काचकागद मारला, ओलं फडकं फिरवून उठलेले तंतू पुन्हा घासले. आतून तांबूस, पाण्यासारख्या रेघांचं असं लाकूड निघालं की मी थोडा वेळ घाबरायचंच विसरलो. असल्या लाकडाला तेल पाजायलाच हवं होतं. आमच्या खात्यातल्या मिस्त्रींना विचारून मी दस्ता गिरणीत नेला आणि धोट्यांच्या शेजारी हौदात सोडला.

मिस्त्रींनी डोकावून पाहिलं. "कुठल्या मागाचा धोटा हा?"

"मंगळवेढ्याच्या."

"माग बराच मोठा दिसतोय," ते म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले.

आठवड्यानं तो बाहेर काढला, पुसला, तळहातानं चोळला. बाहेरून नुसता आरसा. मग सहज, लोखंड बसतं त्या आतल्या खाचेत बोट घातलं. बार निघाला की रायफलीचं सगळं लोखंड मागं रेटतं. तो रेटा आत एका लहानशा लाकडी खांद्यावर येतो. मी त्या जागी नख दाबलं. नखाची खूण उठली.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा उठली. धोट्याचं कोरडं लाकूड तेल पिऊन सुधारतं. हा दस्ता आधीच वर्षानुवर्षं नळीचं तेल पिऊन आतून मऊ झालेला, त्यात मी त्याला आठवडाभर बुडवून ठेवलं होतं. ती जागा दबली की लोखंड पाचरीसारखं आत घुसणार, दस्ता मुठीपाशी उभा फुटणार, आणि फुटलेल्या लाकडाच्या मागे सासऱ्यांचा गाल. ज्याचं माप मी डब्यात घालून आणलं होतं तोच.

मऊ भाग मी पटाशीनं खरवडून काढला. एक मोडका धोटा घरी आणला. ते लाकूड शिंगासारखं कडक असतं. त्याचा तुकडा मापात घडवून सरस लावून बसवला, आडव्या खुंट्या ठोकल्या. बसला तर घट्ट. पण सरस तेलकट लाकडाला धरतो की नाही, हे सरसालाच ठाऊक. बायको शेजारी चिंच चोखत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं.

"मग बरंच हाय की," ती म्हणाली. "पयला बार तुमीच काढायचाय."

"मी?"

"आमच्याकडं रीतच हाय. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं आधी वापरायचं. काकानं विहिरीचा रहाट बसवला तवा आधी त्यालाच बांधून आत सोडला हुता."

"मग?"

"मग काय. भिजला."

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. बायकोचे डोहाळे खोटे होते. माझे खरे.

पौषाच्या तोंडावर येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडे सगळं घर रानात जातं, कडब्याची खोप करून पूजा होते, आंबील, भज्जी, उंडे असं जेवण ज्वारीच्या सावलीत बसून होतं. पाहुणे येतात, शेजारच्या रानातले येतात. सासऱ्यांनी त्याच दिवशी बार काढायचा बेत केला होता, म्हणजे माझी फजिती व्हायचीच असेल तर पंचक्रोशीसमोर.

सकाळी मी लोखंड बसवायला घेतलं. ते पुरतं बसेना, लाकूड तेलानं फुगलं होतं. कुठे अडतंय ते कळावं म्हणून मी बायकोच्या डबीतलं काजळ नळीला फासलं, लोखंड लाकडात दाबलं आणि उचललं. जिथे काळा डाग तिथे अडतं, तिथे थोडं खरवडायचं, पुन्हा काजळ, पुन्हा दाब. डबी संपली तेव्हा लोखंड बसलं. धोट्याच्या तुकड्यावर डाग सगळीकडून सारखा उठला होता. हे चांगलं लक्षण होतं. पण तुकडा मागे हलणार नाही, हे काजळ सांगत नाही.

पूजा झाली. सासऱ्यांनी भरलेली रायफल माझ्या हातात दिली, बाकीची काडतुसं माझ्या खिशात टाकली आणि बांधापलीकडचा मातीचा ढिगारा दाखवला. "चला जावईबापू."

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. "त्येंच्या हातात देऊ नका. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं हत्यार धरायचं न्हाय. कोहळा कापायचा न्हाय, नारळ फोडायचा न्हाय, आन् हे बार काढायला निगाले."

चाळीतली बातमी आमच्या आधी एसटीनं गावात पोचली होती. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या हातात आईनं दिलेला हिरव्या खणाचा तुकडा होता, आणि ती मान खाली घालून त्याची घडी करत होती. रानातल्या सगळ्या बायका तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या.

"असं हाय व्हय," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "मला कुणी सांगितलंच न्हाय. द्या मग हिकडं. मीच काढतो."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला जी सुटका वाटली ती अजून आठवते. वाटलं, देव आहे, आणि तो चिंचेच्या झाडावर राहतो. रायफल माझ्या हातातून गेली. सासऱ्यांनी घोंगडं सारखं केलं, दस्ता वाकड्या खांद्याला लावला. तो तिथे असा बसला की जणू तिथेच उगवला होता. गाल पट्टीवर टेकला, पिठात टेकला होता तसाच. वर्षभरात पहिल्यांदा त्यांची मान सरळ दिसली. आणि त्यांच्या गालापासून वीतभर पुढे, लाकडाच्या आत, माझा तो तुकडा.

"मामा, थांबा," मी म्हणालो. "पाळणा नाहीये. पाळणा म्हणून सांगितलं होतं, तो हाच दस्ता. ती पोटुशी नाही."

रानात भज्जीची पातेली वाजत होती ती थांबली. सासूबाईंनी लेकीकडे बघितलं. लेकीनं खण त्यांच्या हातात परत दिला. कुणीतरी बाई म्हणाली, "मग त्या चिंचा कुणी खाल्ल्या?" कुणी हसलं नाही.

सासऱ्यांनी रायफल खाली घेतली. "म्हंजी पयला बार काढायची हौस हाय म्हणा."

"हौस नाही मामा. आतमध्ये मी एक तुकडा बसवलाय. तो टिकतोय का ते मला माहीत नाही."

रायफल त्यांनी माझ्या हातात ठेवली. "मग तुमीच."

नेम कसा धरतात ते त्यांनी मागं उभं राहून दाखवलं. माझा गाल भरलेला, आणि पट्टी चढवलेली त्यांच्या खोलगट गालासाठी. हाडावर लाकूड टोचत होतं. मी दोन्ही डोळे मिटले. तोंडात आंबिलीची चव होती. चाप कधी ओढला ते आठवत नाही. कुणीतरी मला खांद्यात आणि गालफडात एकाच वेळी मारलं, मी ढेकळात बसलो आणि कानात गिरणीचा भोंगा वाजायला लागला.

डोळे उघडले तेव्हा दस्ता माझ्या हातात होता. अख्खा. मी मुठीपाशी बोट फिरवलं, नख फिरवलं. चीर नव्हती. बायको धावत आली, तिनं आधी माझा गाल दाबून पाहिला. "सुजतोय," ती म्हणाली. "लाकूड बरं हाय."

पण मला धोटे माहीत होते. धोटा पहिल्या फटक्याला सहसा फुटत नाही. पहिला फटका आत चीर पाडतो आणि दुसरा ती उघडतो. "मामा, आज राहू द्या," मी म्हणालो. "मी स्क्रू काढून आतून बघतो आधी."

"तुमी बगितलं न्हवं," सासरे म्हणाले. "आता मला बगू द्या." काडतुसं माझ्या खिशात होती, त्यांनी एक मागून घेतलं.

माझ्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते. आता तसं करता येईना. ते घोंगड्यात जरा वाकले, गाल टेकवला, आणि मी त्या मुठीकडे बघत राहिलो. लाकडाच्या त्या पाण्यासारख्या रेघा मी घरी इतक्या वेळा चोळल्या होत्या की कुठली रेघ कुठे जाते ते मला पाठ होतं. त्यांतली एखादी आत्ता उघडेल म्हणून मी वाट बघत होतो.

बार झाला. पलीकडच्या ज्वारीतून पाखरांचा थवा उठला. ढिगाऱ्याची माती उडाली. सासरे हलले नाहीत. रायफल खांद्यालाच, गाल लाकडावरच.

"मामा?"

सासूबाई जागेवरच उभ्या, तोंडावर पदर. मी दोन पावलं पुढे गेलो.

"मामा, लागलं का?"

"गरम हाय की वो," ते म्हणाले, अजून गाल न उचलता. "तुमचा गाल हितंच हुता न्हवं मगाशी."

मग त्यांनी बोल्ट मागं ओढला. रिकामं काडतूस ढेकळात पडलं. डोळा ढिगाऱ्यावरच ठेवून त्यांनी मोकळा हात माझ्याकडे मागं केला.

"आजून एक द्या."

माझा हात खिशात गेला आणि काडतुसं मुठीत धरून तिथेच राहिला. बायकोनं माझ्या खिशात हात घातला, एक काढलं आणि वडलांच्या तळहातावर ठेवलं.